मदत हवी आहे: संत्र्याच्या केकसाठी पांढरी रम की काळी? आणि काळी म्हणजे जुनीच असते का?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात घरून केकच्या ऑर्डरी घेते. दिवाळीचा फराळ आटोपला की माझ्याकडे ख्रिसमसच्या फ्रूटकेकची गडबड सुरू होते. इतवारीतून सुकामेवा आणायचा, निवडायचा, धुऊन कोरडा करायचा, बारीक चिरायचा आणि बरणीत रम ओतून मुरत ठेवायचा. त्यासाठी नेहमी ओल्ड मंकच वापरत आले आहे आणि त्या केकबद्दल कुणाची तक्रार नाही.

यंदा संत्र्याचा केक वेगळा करायचा आहे. आंबिया बहाराची संत्री आली आहेत, साली साखरेत पाकवायचं काम घरीच चालू आहे. या केकचा तुकडा तोंडाजवळ नेला की आधी संत्र्याचा वास यावा, रम मागून कळावी, अशी माझी इच्छा आहे. काळ्या रममध्ये संत्रं पार दबून जातं. बेदाणे, जर्दाळू, साल सगळं एकाच काळपट तपकिरी रंगाचं होतं आणि वासही एकच येतो. म्हणून पांढरी रम घ्यावी असं वाटलं.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "पांढरी म्हणजे कच्ची, काळी म्हणजे जुनी. केकला जुनीच न्या." घरी यजमान म्हणतात, काळा रंग तर वरून घातलेला असतो. आता यातलं खरं काय? पांढरी रम खरंच न मुरवलेली असते का? सुकामेवा टिकायला जुनी रम लागते का? आणि सासऱ्यांच्या कपाटात बऱ्याच वर्षांपासून एक अर्धी बाटली पडून आहे, ती एव्हाना अजून मुरली असेल का?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडच्या ऑर्डरींचा मेवा मी संत्र्याच्या रसातच भिजवते. त्याबद्दल प्रश्न नाही.

प्रतिसाद १

ताई, मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उसाची मळी असो की ताजा रस, आंबवून ऊर्ध्वपातन केलं की जे खाली येतं ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. प्रत्येक रम जन्माला पांढरीच येते. रंग येतो तो ओकच्या पिंपातून. पिंप आतून जाळून काळं केलेलं असतं. त्या लाकडातून व्हॅनिलासारखा वास, थोडा तुरटपणा आणि सोनेरी ते तपकिरी रंग हळूहळू रममध्ये उतरतो. जगात रमसाठी वापरलेली बरीचशी पिंपं अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीची असतात, कारण बर्बनला दर वेळी नवंच पिंप लागतं आणि जुनी पिंपं विकायला निघतात.

आता दुकानदाराचं म्हणणं कुठे चुकतं ते बघा. पांढरी रम मुरवलेलीही असू शकते. मुरवून झाल्यावर ती कोळशातून गाळतात, की रंग निघून जातो आणि जड वासही थोडे कमी होतात. बकार्डीची पांढरी रम याच पद्धतीची. ही कंपनी 1862 मध्ये क्युबातल्या सांतियागोत सुरू झाली आणि कोळशातून गाळणं हीच तिची ओळख ठरली. पोर्टो रिकोत तर नियमच आहे की रम किमान एक वर्ष पिंपात राहिली पाहिजे, मग बाटलीत ती पांढरी दिसो की काळी. व्हेनेझुएलात हीच मुदत दोन वर्षांची आहे.

उलट काळी रम अगदी कोवळीही असू शकते. जळक्या साखरेचा रंग, म्हणजे कॅरॅमल, घातला की कालची रमही काळीभोर दिसते. तुमचे यजमान म्हणतात तो हाच रंग. पण म्हणून प्रत्येक काळी रम नुसती रंगवलेली, असंही नाही. ओल्ड मंक 1954 पासून बाजारात आहे आणि सात वर्षं मुरवलेल्या रमचं मिश्रण म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा रंगावरून वयाचा अंदाज बांधू नका, लेबल वाचा. वर्षं छापली असतील तर ती मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या रमची असायला हवीत. काही परदेशी बाटल्यांवर नुसताच मोठा आकडा असतो, त्याच्यापुढे 'वर्षं' हा शब्द आहे का तेही पाहा.

कपाटातल्या बाटलीचं म्हणाल तर ती मुरलेली नाही. मुरण्याचं काम लाकूड आणि त्यातून आत-बाहेर होणारी हवा करते, काचेत ते होत नाही. स्कॉटलंडसारख्या थंड ठिकाणी पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के मद्य उडतं, उष्ण प्रदेशात त्याच्या कितीतरी पट. तिथे रम लवकर तयार होते आणि लवकर संपतेही. अर्ध्या उघड्या बाटलीत मात्र वास फक्त उतरत जातो. ती बाटली ऑर्डरीच्या केकला वापरू नका.

प्रतिसाद २

मीही नागपूरचीच, सदरला राहते, घरी दरवर्षी केक होतो. मेवा टिकण्याचं वयाशी काही देणंघेणं नाही गं. टिकवतं ते अल्कोहोल. आपल्याकडे पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही बाटल्यांवर बहुधा 42.8 टक्केच असतं, बघून घे. फळं पूर्ण बुडलेली राहिली पाहिजेत, एवढंच.

चवीत मात्र फरक पडतो. खजूर, अंजीर, काळ्या मनुका यांना काळीच हवी. मसाल्याच्या केकमध्ये दालचिनी-लवंगेबरोबर लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास छान बसतो. जर्दाळू, पिवळे बेदाणे आणि संत्र्याची साल पांढऱ्यात टाकून बघ. जर्दाळू नारिंगीच राहतो आणि रमलाच हलका पिवळा रंग चढतो. लाल चेरी घालणार असशील तर तिचा रंग सगळ्या बरणीला लागतो, ती वेगळी भिजव. बाजारातली ती चेरी बहुतेक वेळा पाकवलेली करवंदंच असतात, रंग भरपूर सोडतात.

आणि लहान मुलांसाठी ऑर्डर असेल तर सांगून टाकत जा. भट्टीत सगळी रम उडून जाते हा गैरसमज आहे. पिठात मिसळलेलं अल्कोहोल तासभर बेक केल्यावरही साधारण पाव हिस्सा उरतं. वरून ब्रशने लावलेलं तर जवळपास तसंच राहतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! वयाचा गोंधळ एकदाचा सुटला. मसाल्याच्या केकची बरणी ओल्ड मंकमध्येच राहू देते. संत्र्याच्या केकसाठी पांढरी आणते आणि त्यात फक्त जर्दाळू, पिवळे बेदाणे आणि पाकवलेली साल घालते. मुलांचं आजपासून प्रत्येक ऑर्डरीला आधी विचारेन, हे फार बरं केलंत सांगून. एकच शंका राहिली. पाकवलेल्या सालीचा वास साखरेत बराच मंद होतो. पांढऱ्या रमने तो परत वर येईल का?

प्रतिसाद १

नुसत्या रमने नाही येणार. संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो आणि साल उकळली की ते बरंचसं जातं. पण हे तेल अल्कोहोलमध्ये फार चांगलं उतरतं. दोन ताज्या संत्र्यांची फक्त नारिंगी साल बारीक किसून पांढऱ्या रममध्ये टाका, आतला पांढरा भाग अजिबात येऊ देऊ नका, त्यानेच कडवटपणा येतो. झाकण घट्ट लावून दोन-तीन दिवस अंधारात ठेवा, गाळा आणि मग त्याच रममध्ये मेवा भिजवा. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, किसताना खाली पांढरं लगेच लागतं. म्हणून सोलायच्या आधी, अख्ख्या फळावरच हलक्या हाताने किसा.