सीलबंद बॅटरीतलं पाणी जातं कुठं?

भाऊ, झटका मशीनची (शेताच्या कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राची) सीलबंद बॅटरी दोन उन्हाळ्यांत कोरडी कशी झाली, हा तुमचा प्रश्न. पाणी उन्हाने वाफ होऊन उडालं असं वाटतं, पण मुख्य कारण चार्जिंगचं आहे.

बॅटरी भरत आली की पॉझिटिव्ह प्लेटवर पाण्यातला ऑक्सिजन सुटतो. साध्या बॅटरीत तो बुडबुड्यांनी निघून जातो. सीलबंद बॅटरीत प्लेटांमध्ये काचेच्या धाग्यांची चटई असते, आणि ती मुद्दामच ॲसिडने पूर्ण भरलेली नसते. त्या मोकळ्या वाटांनी ऑक्सिजन निगेटिव्ह प्लेटवर पोचतो आणि तिथे शेवटी त्याचं परत पाणीच होतं. हायड्रोजनही मग फारसा सुटत नाही. प्लेटांच्या शिशाच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम घालतात तेही त्यासाठीच.

पण व्होल्टेज जास्त झालं की गॅस जिरतो त्याहून जास्त बनतो, दाबाने रबरी टोपी उघडते, आणि गेलेलं पाणी गेलंच.

12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायला 25 अंशांना 14.4 व्होल्ट ठीक. मे महिन्यात धुऱ्यावरच्या टिनाच्या डब्यात 45 अंश सहज होतात, तिथे 13.9 पुरे (दर अंशाला साधारण 24 मिलिव्होल्ट कमी). भर दुपारी बॅटरी भरलेली असताना टर्मिनलवर मीटर लावा. 14.4 च दिसलं तर कंट्रोलर (सोलर पॅनलकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) तापमान बघतच नाही, स्वस्तातले बहुतेक असेच. सेटिंग असेल तर उतरवा, नसेल तर पॅनल उन्हात ठेवून बॅटरीचा डबा तेवढा सावलीत घ्या.

फवारणी पंपाची बॅटरीही सीलबंद असेल तर तिलाही जपा: 8 अँपिअर-तासाच्या बॅटरीला 2.4 अँपिअरपेक्षा मोठा चार्जर नको.