मदत हवी आहे : बाबांचा खर्रा आणि तोंडातल्या जखमा

नमस्कार मंडळी. आम्ही चिमूर तालुक्यातले. बाबा पंचवीस वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) खातात, दिवसाला चार-पाच पन्न्या. सकाळी पानठेल्यावर घोटून घेतलेला खर्रा धुऱ्यावर, घामेजल्या खिशात संध्याकाळपर्यंत राहतो. आता तोंडात दोनच बोटं जातात, तिखट अजिबात सहन होत नाही आणि गालाच्या आत एक जखम महिनाभरापासून भरत नाहीये.

सुपारीनं तोंड आखडतं, तंबाखूनं कॅन्सर होतो, हे माहीत होतं. पण तंबाखूत जिवंत जीवाणूही असतात, हे नुकतंच वाचलं. त्यातल्या बॅसिलस जातीचे बीजाणू (जीवाणूंची टणक, सुप्त रूपं) वाळवणीतही टिकतात. काही जीवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून नायट्रोसमाइन नावाची रसायनं बनतात, आणि त्यांतली एनएनएन व एनएनके ही दोन माणसात कॅन्सर करणारी म्हणून नोंदलेली आहेत. बाबा म्हणतात, "चुना लावला की सारं मरते." मला ते पटत नाही, पण नीट समजावता येत नाही.

जखम वारंवार चिघळते त्यात या जीवाणूंचा हात असू शकतो का? जखमेचा तुकडा तपासायला (बायोप्सी) बाबांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्यायचं ठरवलंय. कुणी गेलं असेल तर कागदपत्रं आणि किती फेऱ्या लागतात ते सांगा. आणि ज्यांच्या घरी खर्रा खरंच सुटला, त्यांनी पहिले पंधरा दिवस कसे काढले? १८००-११-२३५६ या क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) मराठीत बोलतात का? सोयाबीनची सवंगणी तोंडावर आहे, बाबा त्याआधी निघायला तयार नाहीत. मी थांबणार नाही.