प्रत्यक्ष गायन ऐकत सामूहिक जलरंगचित्र: कागदावर नेमके काय उतरवावे?

विलंबित_श्रोता (प्रश्न)

आमच्या संगीतप्रेमी मंडळात लवकरच एका गायिकेची सव्वा तासाची बैठक होणार आहे. ती चालू असताना पंचवीस-तीस श्रोत्यांनी एकाच लांब कागदावर मिळून जलरंगांत चित्र काढावे, अशी कल्पना आहे. यांपैकी निम्म्या लोकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नाही. याआधी केलेला छोटा प्रयोग फसला, हेही सांगितले पाहिजे. मारवा हा संध्याकाळचा राग चालू होता. पहिल्या पंधरा मिनिटांतच प्रत्येकाने आपल्यासमोरची जागा भरून टाकली. कुणी सूर्यास्त काढला, कुणी तानपुरा, एकाने तर गायिकेचे व्यक्तिचित्रच सुरू केले, आणि शेवटची जलद लयीतली द्रुत बंदिश सुरू झाली तेव्हा कागदाच्या मधोमध करड्या-तपकिरी चिखलाखेरीज काही उरले नव्हते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्राचीन ग्रंथांत स्वरांचे रंग सांगितलेले आहेत असे वाचले. तसा तक्ता सर्वांना आधी वाटून द्यावा का? आणि हा चिखल कसा टाळावा?

ओला_कागद

तक्ता वाटू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नारदीय शिक्षा या प्राचीन ग्रंथात गांधार सोन्याच्या कांतीचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद सर्व रंगांचा असे वर्णन येते, आणि ते वाचायला सुरेख आहे. परंतु त्यात कोमल ऋषभाला आणि तीव्र मध्यमाला वेगळा रंग कुठे आहे? आपल्या मारव्यात हे दोन्ही स्वर लागतात, आणि त्याचा सगळा जीव कोमल ऋषभ-धैवतावर रेंगाळत षड्जावर विसावणे लांबवण्यात आहे. शिवाय मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही, त्यामुळे तक्त्यातला काळा रंग त्या दिवशी डबीतच राहणार. पाश्चात्त्य संगीतात हा खेळ ठरावीक पट्टीवर चालतो, पण तिथेही एकमत नाही: रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराला सी मेजर ही पट्टी पांढरी दिसे, तर स्क्र्याबिन या दुसऱ्या रशियन संगीतकाराला तांबडी. आपल्याकडे तर षड्जच गायकागणिक बदलतो.

सर्वांना समान असलेली एकच गोष्ट त्या खोलीत आहे, ती म्हणजे काळ. म्हणून स्वराला रंग ठरवून देण्याऐवजी लयीला पाणी ठरवून द्यावे. आलाप, म्हणजे तालाविना संथ स्वरविस्तार, सुरू झाला की रुंद ब्रशने कागद नुसता पाण्याने भिजवावा आणि त्यावर अगदी पातळ रंग सोडावा. तो आपोआप पसरतो, कडा उरत नाहीत, आणि कुणाला काही 'काढता' येत नाही, हे नवशिक्यांच्या दृष्टीने फारच सोयीचे. बडा ख्याल, म्हणजे संथ (विलंबित) लयीतली बंदिश, सुरू झाल्यावर एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, एकच फटकारा मारावा आणि समेवर, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेवर, ब्रश उचलावा. अतिविलंबित एकतालाचे आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचे असते, म्हणजे पंचवीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला तीसेकच फटकारे येतात. एवढा संयम पाळला तर पंधरा मिनिटांत जागा भरून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. द्रुत तीनतालात कागद वाळलेला असतो; तिथे जवळजवळ कोरड्या ब्रशने झपाट्याने, तुटक रेघा येऊ द्याव्यात.

आता चिखलाविषयी. तो दोन कारणांनी होतो: रंगद्रव्ये फार झाली म्हणून, आणि अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा पुन्हा ब्रश घासला म्हणून. तीनच रंग द्यावेत. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकमेकांत मिसळले तर चिखल न होता सुंदर करडा बनतो, आणि खरबरीत कागदाच्या खळग्यांत अल्ट्रामरीनचे कण बसून दाणेदार पोत येतो. तिसरा एखादा पारदर्शक पिवळा घ्यावा. पांढरा रंग देऊच नये, पांढरे म्हणजे कोरा सोडलेला कागद. थरावरची चकाकी गेली पण कागद हाताला अजून गार लागतो आहे, अशा वेळी भिजलेला ब्रश टेकवला तर आधीचा रंग ढकलला जाऊन फुलकोबीसारखी कडा उमटते. काहींना ती आवडते, मलाही कधीकधी आवडते, पण तीस हातांनी एकाच वेळी केली की सगळा कागद कोबीचा मळा होतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो सुती घ्यावा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने टेबलावर पक्का बसवावा.

खालचा_सा

मी गातो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. अशाच एका कार्यक्रमात मला गायला बसवले होते. आयोजकांनी माझ्या आणि श्रोत्यांच्या मध्ये रंगांचे टेबल मांडले होते, आणि तासभर माझ्यासमोर फक्त वाकलेली डोकी होती. समेवर येऊन पाहावे तर एकही मान वर नाही. आम्ही गाताना चेहरे वाचतो. कुठला स्वरसमूह पोहोचला, कुठे थांबायचे, कुठे आणखी एकदा तोच मार्ग धरायचा, हे बऱ्याच अंशी तिथूनच ठरते. त्यात काचेच्या बरणीत ब्रश धुतल्याचा किणकिणाट तानपुऱ्यावर चढला की मन उडते, आणि त्या दिवशी तर कुणी रंग वाळवायला केसांचे ड्रायर चालू केले होते.

कल्पनेला माझा विरोध नाही, मात्र गायिकेला आधी विचारावे, आणि टेबल श्रोत्यांच्या मागे किंवा बाजूला ठेवावे. पहिली दहा मिनिटे कुणाच्याही हाती ब्रश नसावा. निम्म्यांनी विलंबितात रंगवावे, उरलेल्यांनी समोर बसून ऐकावे, आणि द्रुत सुरू होताना अदलाबदल करावी. पाण्यासाठी प्लॅस्टिकची भांडी वापरावीत, त्यांच्याखाली जाड कापड अंथरावे. वर सुचवलेला 'एका आवर्तनाला एक फटकारा' हा नियम मला पटला, कारण तो पाळायचा तर लोकांना ठेका ऐकावाच लागेल.

रागमाला_वाचक

सूर्यास्त काढणाऱ्यावर फार रागावू नये. रागमाला चित्रे, म्हणजे रागांना चित्ररूप देणारी जुनी लघुचित्रे, बैठकीत ऐकता ऐकता काढलेली नसत. रागाचे रूप वर्णन करणाऱ्या ध्यानश्लोकांतून नायक, नायिका, ऋतू, प्रहर अशी प्रतिमा ठरे आणि चित्रकार ती रंगवी. मारव्याशी संध्याकाळ जोडणारा तुमचा श्रोता नकळत त्याच वाटेने गेला. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गचे संगीत ऐकून आलेल्या कँडिन्स्की या चित्रकारानेही 'इम्प्रेशन ३' नंतरच रंगवले, आणि त्यात पिवळ्या लोटासमोर पियानोचा काळा आकार ओळखू येतोच. ऐकता ऐकता रंगवणे ही वेगळीच कसरत आहे, आणि तिला वस्तूचित्रापेक्षा थर अधिक मानवतात. उत्तम व्हायोलिन वाजवणाऱ्या चित्रकार पॉल क्लेने १९२१ च्या आपल्या लाल फ्यूगच्या (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात तो पाश्चात्त्य संगीतप्रकार) जलरंगात एकेक आकार फिकट ते गडद छटांनी पुढे सरकवत नेला आहे. काळ कागदावर असा दाखवता येतो. तो नमुना आधी सर्वांना एकदा दाखवावा, नक्कल करण्यासाठी नव्हे.

विलंबित_श्रोता

सर्वांचे आभार. तक्ता रद्द केला आहे, टेबल मागे जाईल, रंग तीनच असतील, आणि गायिकेशी बोलणेही झाले. त्यांनी एकच अट घातली, ती म्हणजे त्या गात असताना कुणी कुणाला सूचना देऊ नयेत. एक अडचण उरते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या मध्ये सीमा पडते आणि चित्र तीस चौकटींचे दिसते. त्यावर काय करावे?

ओला_कागद

आलापाच्या वेळी पाणी लावताना शेजाऱ्याच्या जागेत वीतभर शिरून लावावे, म्हणजे पहिला थर सलग होतो आणि पुढे सीमा शोधूनही सापडत नाही. विलंबितात दर पाचव्या समेला प्रत्येकाने ब्रश खाली ठेवून एक जागा उजवीकडे सरकावे. आपण सोडलेला फटकारा दुसरा पुढे नेतो आणि कुणालाही 'माझा कोपरा' राखता येत नाही. सूचना द्यायच्या नसल्यामुळे हे सरकणे आदल्या दिवशी ध्वनिमुद्रण लावून एकदा करून पाहावे. त्याच वेळी, त्याच खोलीत पंखे किंवा वातानुकूलन चालू ठेवून, त्याच कागदाचा एक तुकडा भिजवून तो वाळायला किती मिनिटे लागतात हे घड्याळ लावून मोजावे. दमट हवेत अर्ध्या तासानेही थर ओलाच राहिलेला मी पाहिला आहे. तसे झाले, तर द्रुत बंदिशीसाठी चित्राच्या वरच्या बाजूचा हातभर रुंदीचा पट्टा सुरुवातीपासून कोराच सोडावा लागेल.