अनुभव धागा : शाळेत मुलांना धीर कशाने आला?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली. छडी बऱ्याच ठिकाणी खरोखरच गेली. चारचौघांत होणारा पाणउतारा मात्र इतक्या सहजासहजी गेलेला नाही. शिवाय मूल दुखावले गेले नाही, एवढ्यानेच त्याला आत्मविश्वास येतो असेही नाही. तो यावा म्हणून हजेरी, वाचन, वहीतपासणी, निकाल अशा रोजच्या कामांत शाळेने नेमके काय केले, हे शिक्षकांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी इथे लिहावे. व्याख्याने आणि प्रेरणा शिबिरे यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ती कृपया वगळावीत. मुलांची व शाळांची नावे देऊ नयेत.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, बीड जिल्हा :
दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, तर काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्यांचे पहिले काही आठवडे फार अवघड जातात. पोट दुखण्याच्या तक्रारी वाढतात आणि एरवी शांत असलेली मुले क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येतात. शनिवारी शाळा सुटताना आम्ही या मुलांना घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून देतो आणि मूल आपली वही आईला दाखवते. फडावर रेंज नसेल तर फोन लागणार नाही, मग सोमवारी पुन्हा प्रयत्न करू, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले असते.

फडावरून परतणाऱ्यांची अडचण वेगळी असते, कारण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो आणि ‘इतके दिवस कुठे होतास?’ या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांसमोर देणे नकोसे वाटते. बैलगाडीवर जाणाऱ्या कुटुंबातील एका मुलीने कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की निव्वळ ऊस किती ते कळते. ती वजाबाकी तिने फळ्यावर मांडली आणि टनाचे किलो कसे करायचे, हे मुले तिलाच विचारू लागली. भाषेत ती मागे होती आणि तो अनुशेष भरायला वर्षाचा उरलेला काळ पुरला नाही. तरी ज्या वर्गात आपल्याला काही शिकवता आले, त्याच वर्गात आपल्याला न येणारे विचारायला ती संकोचत नव्हती.

पालक, नाशिक :
आमचा मुलगा बोलताना अडखळतो. प्रकट वाचनात त्याची पाळी आली की काही शिक्षक दयेपोटी त्याला वगळून पुढे जात आणि तेच त्याला अधिक लागत असे. पाचवीच्या बाईंनी पाळी रद्द न करता पद्धत बदलली. आधी सगळ्या वर्गाचे समूहवाचन, मग जोडीने वाचन आणि ज्याची इच्छा असेल त्याचे एकट्याने. अडखळणारी बरीच माणसे इतरांच्या सुरात सूर मिसळून वाचताना सहज वाचतात, हे आम्हालाही तेव्हाच कळले. आकारिक मूल्यमापनातले (वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनातले) तोंडी काम बाईंनी मधल्या सुट्टीत घेतले, वाक्य मध्येच पूर्ण करून दिले नाही आणि घड्याळाकडेही पाहिले नाही.

शालेय समुपदेशक, गोवा :
इथली बरीच मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जातात. चौथीत गॅदरिंगचे सूत्रसंचालन करणारी मुलगी सहामाहीपर्यंत गप्प होते, मग ‘लाजाळू आहे’ अशा शेऱ्यासह तिला माझ्याकडे पाठवले जाते. तपासून पाहिले तर स्वभावात काही बिघडलेले नसते. तिच्याजवळ उत्तर असते, पण वाक्य नसते. एका विज्ञान शिक्षिकेने पहिल्या सत्रात तोंडी उत्तर कोणत्याही भाषेत देण्याची मुभा दिली आणि त्यातलेच दोन-तीन इंग्रजी शब्द मुलांकडून फळ्यावर लिहून घेतले. माझ्या खोलीतल्या चार भेटींपेक्षा त्या मुभेने अधिक साधले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. समुपदेशनाची गरज असलेली मुले अर्थातच वेगळी असतात, आणि ‘ही तिकडे का जाते?’ अशी कुजबुज होऊ नये म्हणून त्यांना मी वाचनालयात भेटते.

माजी विद्यार्थिनी, सोलापूर :
दहावीला मी गणितात नापास झाले. २०१५ पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा होऊ लागली होती, त्यामुळे वर्ष वाचण्याची सोय होती; पण शाळेच्या फाटकावर पहिल्या आलेल्यांचे फलक लागलेले असताना आत शिरायचे कसे, हा प्रश्न होता. मुख्याध्यापकांनी आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी निरोप पाठवला आणि वर्ग दुपारी, इतर मुले असतानाच भरवला. सुरुवातीला तो अपमान वाटला. नंतर लक्षात आले, की आम्हाला कुठेही लपवायचे नाही, असे त्यांनी मुद्दाम ठरवले होते.

निवृत्त शिक्षक, सांगली :
थोडे वेगळे मत मांडतो. हल्ली प्रत्येक वहीवर ‘छान’ लिहिण्याची पद्धत पडली आहे आणि मुलांना त्याची किंमत बरोबर कळते. ‘दुसरा परिच्छेद तुझा स्वतःचा वाटतो, पहिला मार्गदर्शकातून उतरवला आहेस’ या शेऱ्याने मूल नाराज झाले तरी आपले लिखाण कोणीतरी वाचले याची त्याला खात्री पटते. मात्र साठ वह्या, त्यावर सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे असताना असे शेरे लिहायचे कधी, हेही कोणी विचारावे.

मुख्याध्यापिका, माध्यमिक शाळा, पुणे जिल्हा :
मूल विश्वासाने बोलू लागले की ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देण्याचा मोह होतो. आमच्याकडे ते कोणी देत नाही, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायद्यानुसार (२०१२) ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन,’ एवढेच आम्ही म्हणतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर त्याला एकटे न सोडता पालकांना त्याच दिवशी बोलावून बंद दाराआड बोलतो, मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवतो आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून देतो. त्या भेटीत गुणांचा आणि हजेरीचा विषय काढायचा नाही, असे शिक्षकसभेत ठरलेले आहे.