म्युझियममधे समर रिसर्च, विषय उत्क्रांती: नागपूरवाल्यांना चान्स आहे का?

ऑरेंज_झूलॉजी:
बीएस्सी सेकंड इयरला आहे. उत्क्रांतीत काम करायचंय, पण पिपेट धरून नाही, म्युझियममधे नमुने हाताळून. अमेरिकेतल्या म्युझियमचे समर प्रोग्राम वाचून राहिलो, स्टायपेंड पण देतात, आपल्याला घेतात का? घरी सगळे म्हणतात हे पीएचडीवाल्यांचं काम.

वर्धारोड_वाला:
तिकडचे बरेच प्रोग्राम त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालतात, त्यात फक्त अमेरिकन नागरिक नाहीतर तिथले पर्मनंट रेसिडेंट. स्टायपेंडच्या आधी पात्रता वाचत जा भाऊ. इथे देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप आहे, बंगलोरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेची वेगळी, तिथे उत्क्रांतीवर काम करणारे लोक आहेत. फॉर्म हिवाळ्यातच बंद होतात अन् आपले पोट्टे पेपर संपल्यावर शोधाले लागतात!

कॅलिपरवाली:
आधी काम काय असतं ते ऐक, नाहीतर आठवड्यात कंटाळशील. ट्रे काढा, लेबल वाचा, माप घ्या, एक्सेलमधे टाका, परत तेच. पण त्यातूनच गंमत निघते. शिकागोच्या फील्ड म्युझियममधे बिल्डिंगच्या काचांवर आपटून मेलेले पक्षी १९७८ पासून जमवलेत, सत्तर हजारांवर, आणि जवळपास सगळे एकट्या डेव्हिड विलार्ड यांनी मोजले. २०१९ मधे त्यावर रिसर्च पेपर आला, पायाचं हाड आखूड होत गेलंय आणि पंख किंचित लांब. आता ही उत्क्रांती की नुसता वाढत्या तापमानाचा शरीरावर परिणाम, हे मापावरून ठरत नाही, तुझ्यासारख्याने डोकं लावावं असा प्रश्न तोच. मुंबईला बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे लाखाच्या वर नमुने आहेत, तिथे मेल टाक. मेलमधे "आय एम पॅशनेट" नको, कोणता प्राणी आणि काय मोजायचंय ते लिही.

राजेहो_फॉसिल:
मुंबई बंगलोर काऊन करता बावा, वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे ना! तिथल्या दगड झालेल्या डायनोसॉरच्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मधे 'सायन्स' जर्नलमधे छापून आलं, तोवर डायनोसॉरच्या काळात गवतच नव्हतं असं धरून चालत होते. आपल्या सेमिनरी हिल्सला जीएसआयचं, म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांचं ऑफिस आहे, तिथे विचारून पाय.

कॅलिपरवाली:
हाव, पण मे मधे पिसदुऱ्याला पाठवू नका त्याला, फिल्डवर्क डिसेंबरात. उन्हाळा ट्रेसमोर पंख्याखालीच बरा.

ऑरेंज_झूलॉजी:
थँक्यू ताई, थँक्यू सगळे. बीएनएचएसच्या मेलमधे सुगरण पक्ष्याच्या चोचीचं लिहू का? सीव्ही एका पानाचा चालतो ना?

कॅलिपरवाली:
एकच पान. आणि सुगरणीवर आधी कोणी काय मोजलंय ते वाचून मग लिही.