मदत हवी आहे: चेहऱ्याचा जुना लकवा, मांडीचा स्नायू बसवायचा, ऑपरेशन एक की दोन?

मनवा_क
बहिणीची चेहऱ्याची उजवी बाजू पूर्ण लुळी आहे. मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू गालात बसवायचं ठरतंय. एक सर्जन म्हणतात एकाच ऑपरेशनमध्ये होईल, दुसरे म्हणतात दोन लागतील आणि मधे वर्षभर थांबा. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. कोणाचं ऐकू? लवकर सांगा.

शिरीष७१
प्रेडनिसोलोन ७२ तासांच्या आत सुरू केलं का? बेल्स पाल्सीत, म्हणजे अचानक येणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात, त्यानेच फरक पडतो.

रेवा
शिरीष, स्नायू बसवण्यापर्यंत गोष्ट आली म्हणजे लकवा जुना आहे, स्टेरॉइडचा इथे संबंध नाही. मनवा, लकवा कशामुळे झाला? किती वर्षं झाली? वय?

खलबत्ता
ग्रॅसिलिस कशाला? टेम्पोरॅलिसचा, म्हणजे कानशिलावरच्या स्नायूचा, कंडरा ओठाच्या कोपऱ्याला जोडा, लाबेंची पद्धत. रक्तवाहिन्या शिवायच्या नाहीत, नस वाढायची वाट बघायची नाही.

मनवा_क
वय ३४. कानामागची अकूस्टिक न्यूरोमाची गाठ ५ वर्षांपूर्वी काढली, तेव्हापासून.

रेवा
हे आधी सांगायला हवं होतं. दीड-दोन वर्षांनंतर चेहऱ्याचे मूळ स्नायू सुकतात, नुसती नस जोडून ते जागे होत नाहीत, म्हणून नवा स्नायू. प्रश्न उरतो त्याला वीज कुठून द्यायची. एका टप्प्यात मॅसेटरची, म्हणजे चावण्याच्या स्नायूची नस वापरतात. ३-४ महिन्यांत हालचाल दिसते, पण सुरुवातीला दात आवळूनच हसता येतं. आता तिला दात घट्ट आवळायला सांगा आणि दोन्ही जबड्यांवर, दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा. उजवीकडे टणक लागतं का?

मनवा_क
डावीकडे लागतं. उजवीकडे मऊच. तो गाल बधिरही आहे.

रेवा
मग पाचवी नसही दुखावली आहे, म्हणजे गालाची संवेदना आणि चावण्याचे स्नायू सांभाळणारी. मॅसेटर तिच्यावरच चालतो. ईएमजीने, म्हणजे स्नायूतली वीज मोजणाऱ्या तपासणीने, खात्री करा, पण त्यात तो निकामी ठरला तर एका टप्प्याचा मार्ग बंद. खलबत्ता, टेम्पोरॅलिसही पाचव्याच नसेवर चालतो, तोही गेला.

खलबत्ता
मान्य. बधिरपणाचं आधी सांगितलं असतं तर सुचवलंच नसतं.

अनुजा_फिजिओ
म्हणजे क्रॉस-फेस, चांगल्या बाजूच्या नसेची वीज पलीकडे नेण्याचा दोन टप्प्यांचा मार्ग. पहिल्या ऑपरेशनमध्ये पायाच्या मागची सुरल नस काढतात. डावीकडे स्टिम्युलेटरने (नसेला हलका विजेचा झटका देऊन) चेहऱ्याच्या नसेची फक्त हसू उचलणारी फांदी शोधायची, तीही अशी की जोडीला दुसरी फांदी असेल, नाहीतर चांगल्या बाजूचं हसू कमजोर होतं. सुरल तिला जोडून वरच्या ओठातून उजवीकडे नेतात. नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते, म्हणून ९-१२ महिने थांबणं. उजव्या टोकावर टिचकी मारल्यावर मुंग्या आल्या की तंतू पोचल्याची खूण. मग ग्रॅसिलिस. हालचाल त्यानंतर सहा महिन्यांनी किंवा उशिरा, पण हसू आपसूक येतं. पावलाची बाहेरची कड बधिर राहते, चालण्यात फरक नाही. सर्जनना विचारा: स्नायू किती बारीक करणार? जाड ठेवला तर गाल फुगलेला दिसतो. आणि पहिल्या दिवसांत रक्तवाहिनीत गुठळी झाली तर रात्री पुन्हा उघडायला टीम असते का?

रेवा
सोमवारच्या आधी डोळा बघा. उजवी पापणी मिटत नाही आणि गाल बधिर, म्हणजे बुबुळही बधिर असू शकतं. मग खुपल्याचं कळतच नाही आणि आत व्रण होतो. याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाची संवेदना तपासून घ्या. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी मिटवून पट्टी.

मनवा_क
पापणी मिटावी म्हणून तिच्यात सोन्याचं वजन बसवतात म्हणे. गाठीसाठी दरवर्षी एमआरआय असतो, चालेल?

अनुजा_फिजिओ
चालतं. सोनं काय, प्लॅटिनम काय, चुंबक ओढत नाही. प्लॅटिनमचं पातळ बसतं, पापणीत कमी उठून दिसतं. एमआरआयवाल्यांना मात्र आधी सांगा.