टाळी कुठे वाजली, कुठे थांबली?

'सिंबा' आला तो २०१८ चा डिसेंबर. पहिल्याच रविवारी सोलापुरात पाहिला. पोलीस ठाण्यातच दोन आरोपींना गोळ्या घातल्या जातात आणि नंतर ते स्वसंरक्षण म्हणून मांडलं जातं. त्या प्रसंगाला अख्खं थिएटर उभं राहिलं. मीही शिट्टी मारली. शेजारी दहावीतली भाची होती, तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

वर्ष व्हायच्या आतच, ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे, हैदराबादजवळ चटणपल्लीला, एका पशुवैद्यक तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. जमलेल्या लोकांनी पोलिसांवर पाकळ्या उधळल्या. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला अंगठा माझा होता. मग मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाचा अहवाल बाहेर आला. गोळीबार जीव घेण्याच्याच हेतूने झाला, चौघांपैकी तिघे तेव्हा अल्पवयीन होते, दहा पोलिसांवर खटला चालवावा, असं त्यात होतं. ते वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ज्या मुलीसाठी आपण सगळे चिडलो होतो, तिचा खटला उभाच राहिला नाही. तिच्याबाबतीत कोणी काय केलं, हे आता कुठल्याच कोर्टात सिद्ध होणार नाही.

म्हणून हा धागा. पडद्यावरचा पोलीस, कोर्ट, राग बघताना तुमचं काय झालं ते लिहा. परीक्षण नको, स्वतःचं लिहा.

पोलीस लाइनीत वाढलेली, नाशिक

माझे वडील हवालदार होते. 'सिंघम' आम्ही घरी टीव्हीवर पाहिला, गणपतीचा बंदोबस्त संपला त्या रात्री. बाबांचे पाय इतके सुजले होते की बुटाच्या नाडीचे वळ नडगीवर उठले होते. आई घमेल्यात मीठ घातलेलं गरम पाणी घेऊन आली. 'आता माझी सटकली' आलं तेव्हा भाऊ ओरडला, बाबा गप्प. ते दुसऱ्याच कोणाकडे बघत होते. सुरुवातीला एक प्रामाणिक इन्स्पेक्टर खोट्या आरोपामुळे स्वतःला गोळी घालून घेतो, त्याची बायको न्याय मागत फिरते, तिच्याकडे. ती पडद्यावर आली की बाबा आवाज वाढवायला सांगत.

शेवटी सगळे अधिकारी मिळून खलनायक जयकांत शिक्रेच्या घरात शिरतात, तो पळतो तर त्याला पकडून ठाण्यात आणतात आणि तिथे संपवतात. बाबा म्हणाले, "सकाळी स्टेशन डायरीत काय लिहायचं ते कोणाच्या गळ्यात पडणार, माहितेय का? ठाणे अंमलदाराच्या." त्यांनी ती ड्यूटी खूप केली होती. वरून तोंडी हुकूम यायचा, सही मात्र यांची. पोलिसांवर इतके सिनेमे आले, पण त्या सहीचं ओझं मला कुठे दिसलं नाही. बाबा आता नाहीत. कोणी दिग्दर्शक हे वाचत असेल तर एकदा ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून गोष्ट सांगून बघा.

तालुका कोर्टात वकिली, बावीस वर्षं

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' पाहिला आणि पहिल्यांदा वाटलं, माझं काम कोणीतरी नीट बघितलंय. तारीख, कागद वाचून दाखवणं, पुन्हा तारीख. लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि साध्या शब्दांत सांगते, तो आधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचा.

अशी साक्ष मी कोर्टात ऐकली आहे. आवाज चढत नाही, रडणं नाही, आणि केसचा सगळा पायाच हलतो. राग कमी महत्त्वाचा आहे असं म्हणत नाही. पण माझ्या अशिलांना सुटका मिळाली ती बहुतेक वेळा अटकेची वेळ चुकीची लिहिलेली सापडली म्हणून. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करा, असं संविधानाचं कलम २२ सांगतं. ते चोवीस तास मोजत बसणं हेच माझं काम.

नाव नको, मराठवाडा

मी पारधी. 'जय भीम' मोबाईलवर हिंदीत बघितला, अर्धा. चोरीच्या संशयावरून नवऱ्याला उचलून नेतात आणि कोठडीतला मार सुरू होतो, तिथं बंद केला. आईनं विचारलं काय झालं, म्हटलं चार्जिंग संपलं.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत, पावत्या आहेत. सायकलची, मिक्सरची, शेळी घेतली त्याची चिठ्ठी, माझ्या फोनचं बिल लॅमिनेशन करून. गावात कुठंही चोरी झाली की गाडी आधी आमच्या पालावर यायची, आणि पावती नसलेली वस्तू चोरीचीच. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आमच्यासारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली ३१ ऑगस्टला तो शिक्का पुसला म्हणतात. पेटी मात्र अजून आहे.

उरलेला सिनेमा महिन्याभरानं बघितला. ते खरं घडलंय, १९९३ ची तमिळनाडूतली केस, आणि लढणारे वकील चंद्रू पुढं मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, हे कळल्यावर बघवलं. हिरोनं एकाही पोलिसाला हात लावला नाही. 'माणूस कुठाय ते दाखवा' एवढाच अर्ज. मी बहिणीला सांगितलंय, तू वकीलच हो.

पुणे

मला 'फँड्री'चा शेवटचा दगड आठवतो, चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला, थेट आपल्याच अंगावर येणारा. त्यात ना पोलीस ना कोर्ट, तरी न्यायाबद्दल इतकं थेट मला कोणी विचारलेलं नाही. थिएटरमधून बाहेर पडताना आमच्या ओळीतलं कोणी बोललं नाही.

एक आई

माझ्या मुलीच्या केसला यंदा सात वर्षं झाली. जास्त लिहीत नाही. शिट्टी मारणाऱ्यांना नावं ठेवू नका एवढं सांगायला आले. 'सिंबा'ला मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पोटभर जेवले, पुष्कळ दिवसांनी. तीन तासांत निकाल लागतो अशी जागा मला दुसरी माहीत नव्हती. दोन साक्षीदार फितूर झाले, तपास अधिकारी तीनदा बदलले. राग कुठे ठेवायचा माणसानं?

पण धागाकर्त्यांनी वर लिहिलंय ना, त्या मुलीचा खटला उभाच राहिला नाही, तिथे मी थांबले. माझ्या मुलीची उलटतपासणी दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी ती पाणीसुद्धा प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्या वकिलांना सांगितलं, "प्रश्न परत विचारा, मी परत तेच सांगणार." न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं टंकायला लावलं. त्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. आरोपीला कोणी आधीच गोळी घातली असती तर तिचं हे वाक्य कुठेच नसतं.

पुढची तारीख चौदाला आहे. डबा घेऊन जातो, दिवसभर बसावं लागतं.